इलेक्ट्रिक गाडीचा मेंटेनन्स: किल्लीच्या सेलपासून सर्व्हिसच्या बिलापर्यंत, काय आधी करायचं आणि काय नंतर

दाजींचा फोन आला तेव्हा ते ठोसेघरला पार्किंगमध्ये पावसात उभे होते, गाडीत ७१ टक्के चार्ज, आणि गाडी काही उघडत नव्हती. किल्लीचं बटण दाबून दाबून अंगठा दुखला म्हणाले. ॲपवरनं उघडायला बघितलं तर तिथं कॉल कसाबसा लागत होता पण नेट नव्हतं. ताई आणि पोरं एका छत्रीत. मी विचारलं, "दाजी, स्क्रीनवर किल्लीच्या बॅटरीचं काही येत होतं का?" तर म्हणाले येत होतं की, तीन आठवडे झाले, मला वाटलं सर्व्हिसला दाखवू.

साठ-सत्तर रुपयांचा सेल. तेवढ्यासाठी चार माणसं भिजली.

त्यानंतर ओळखीतल्या अजून दोघांचं जवळपास असंच झालं, एकाची किल्ली आणि एकाची बारा व्होल्टची बॅटरी, म्हणून हे सगळं एकदा नीट क्रमानं लिहून काढतोय. इलेक्ट्रिक गाडी घेतलेले लोक दोन टोकाला जातात. काही म्हणतात इंजिनच नाही तर मेंटेनन्स कसला, आणि दोन वर्षं बॉनेट उघडत नाहीत. बाकीचे सर्व्हिसला गाडी लावतात आणि जे एस्टिमेट येईल त्यावर सही करून मोकळे होतात. दोन्हीत पैसे जातात आणि पहिल्यात तर रस्त्यावर अडकायची पाळी येते. आणि लक्षात घ्या, घाबरतात सगळे मोठ्या बॅटरीला, पण गाडी अडवतात त्या बहुतेक वेळा दोन छोट्या बॅटऱ्या, एक किल्लीतली आणि एक बॉनेटखालची. म्हणून सुरुवात तिथनं करायची.

आधी एवढी तयारी करा

एक रविवार सकाळ काढा. गाडी सपाट जागेवर, सावलीत, आदल्या रात्रीपासून बंद असलेली बरी (का ते पुढं कळेल). जवळ घ्यायचं सामान असं: गाडीचं मॅन्युअल, वॉरंटीची पुस्तिका, आत्तापर्यंतची सगळी बिलं, दोन्ही किल्ल्या, साधा डिजिटल मल्टिमीटर (तीनचारशे रुपयात येतो), टायरचं हवा मोजायचं गेज, आणि एक वही. वही पाहिजेच. मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवले की ते लग्नाच्या फोटोत हरवतात, वहीत तारीख आणि किलोमीटर लिहिलेले असले की सर्व्हिसवाल्यासमोर बोलायला जोर येतो.

मॅन्युअल नाही वाचलं तर निदान दोन पानं शोधा. एक, किल्लीची बॅटरी संपल्यावर गाडी कशी उघडायची आणि चालू करायची. दुसरं, सर्व्हिसचं वेळापत्रक, म्हणजे किती किलोमीटरला किंवा किती महिन्याला काय बदलायचं. मी खाली जे आकडे देतोय ते साधारण आहेत, तुमच्या मॅन्युअलमध्ये वेगळं असेल तर मॅन्युअलचं ऐका.

टप्पा १: किल्लीचा सेल

सेल संपत आला की तो आधी सांगतो. पूर्वी वीस पावलांवरनं गाडी लॉक व्हायची, आता दाराजवळ यावं लागतं. बटण दोनदा दाबावं लागतं. स्क्रीनवर किल्लीचं चित्र किंवा मेसेज येतो. यातलं काही एक दिसलं की त्याच आठवड्यात बदलायचा, सर्व्हिसची वाट बघायची नाही.

आधी नंबर बघा. बहुतेक गाड्यांत सीआर २०३२ असतो, काहींत सीआर २०२५ किंवा सीआर २४५०. हा नंबर म्हणजे सेलचं माप आहे, पहिले दोन आकडे व्यास, पुढचे दोन जाडी. २०३२ म्हणजे २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड, २०२५ म्हणजे तेवढाच रुंद पण २.५ मिलिमीटर जाड. दोन्ही ३ व्होल्टचेच, त्यामुळं दुकानदार म्हणतो "चालतंय की", आणि इथंच चूक होते. जाड सेलच्या जागी पातळ बसवला की तो आत हलतो, किल्ली कधी चालते कधी नाही, मग लोक खाली चांदीचा कागद घालतात. पातळच्या जागी जाड कोंबला तर आतल्या पितळी पट्ट्या वाकतात आणि मग नवीन किल्लीचाच खर्च, जो हजारांत जातो. जो नंबर आत आहे तोच घ्यायचा.

विकत घेताना मोती चौकातल्या घड्याळवाल्याकडं घ्या नाहीतर ऑनलाईन, पण सीलबंद पॅकमधला घ्या आणि मागची एक्स्पायरी बघा. डब्यात सुटे एकमेकांवर पडलेले सेल घेऊ नका, ते एकमेकांना चिकटून तिथंच उतरत असतात. मल्टिमीटर असेल तर लावून बघा, नवा चांगला सेल ३.२ व्होल्टच्या आसपास दाखवतो. ३ च्या खाली असेल तर परत करा.

आता उघडायचं. टेबलावर जुना टॉवेल अंथरा, म्हणजे काही पडलं तरी घरंगळणार नाही. किल्लीच्या मागं किंवा बाजूला छोटं बटण असतं, ते दाबून आतली लोखंडी किल्ली बाहेर ओढा. ती निघाली की त्या फटीतच बहुतेक वेळा एक खाच दिसते. त्यात चपटा स्क्रू-ड्रायव्हर घालायचा, पण टोकाला चिकटपट्टी गुंडाळून, नाहीतर प्लास्टिकला ओरखडे पडतात. हलकेच फिरवा, "टक" असा आवाज येतो आणि दोन पाकळ्या सुटतात. जोर लावावा लागतोय म्हणजे जागा चुकलीय, थांबा आणि मॅन्युअलचं चित्र बघा.

उघडल्या उघडल्या पहिलं काम, मोबाईलवर फोटो. कुठली बाजू वर होती, रबराची रिंग कशी बसली होती, सगळं त्यात येतं. जुना सेल नखानं किंवा प्लास्टिकच्या काडीनं काढा, चिमट्यानं नको, लोखंडी चिमट्यानं दोन्ही बाजू एकदम धरल्या की शॉर्ट होतो. नवीन सेल कडेनं धरा, चपट्या भागाला बोटांचं तेल लावू नका. अधिकचं चिन्ह कोरलेली बाजू फोटोत होती तशीच. लहान मुलांनी गिळू नये म्हणून काही कंपन्यांच्या सेलवर कडू लेप असतो, त्यानं कधीकधी संपर्क नीट होत नाही, तसं वाटलं तर कोरड्या सुती कपड्यानं पुसून परत बसवा. रबराची रिंग जागेवर आहे ना बघा, आपल्याकडच्या पावसात तीच किल्लीला वाचवते.

सेल काढल्यावर किल्लीचं प्रोग्रॅमिंग उडतं अशी भीती घालतात, मला स्वतःला एका ठिकाणी "कोडिंग परत करावं लागेल" म्हणून सेलचे ४५० रुपये लावले होते. ओळख आतल्या चिपमध्ये साठवलेली असते, ती सेल काढल्यानं सहसा जात नाही. निवांत बदला.

तपासणी: बंद करून पंधरा पावलं लांब जा, लॉक, अनलॉक, डिकी, तिन्ही चालतंय का बघा. मग आत बसून गाडी चालू करा. मग वहीत तारीख लिहा.

आणि दुसरी किल्ली? ती कपाटात आहे म्हणून तिचा सेल नवा राहत नाही. दोन्हीचे एकाच दिवशी बदला. साधारण दोन वर्षांनी, मेसेज येवो ना येवो. किल्ली गाडीपासून लांब ठेवा, दाराजवळच्या खुंटीला अडकवली आणि पलीकडं भिंतीशी गाडी असली तर काही गाड्यांत किल्ली आणि गाडी रात्रभर एकमेकींना आवाज देत बसतात आणि दोन्हीकडच्या बॅटऱ्या उतरतात.

सावध: जुना सेल टेबलावर सोडू नका. लहान मुलानं गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते, हे अजिबात वाढवून सांगत नाहीये. गिळल्याचा नुसता संशय आला तरी ओकारी काढायला न लावता थेट हॉस्पिटल आणि एक्स-रे. जुन्या सेलला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून ई-कचऱ्यात द्या.

टप्पा १-अ: सेल गेलाच आणि तुम्ही गाडीपाशी उभे आहात

हे एकदा घरी, उजेडात, सगळ्यांनी करून बघा. ताईला त्या दिवशी हे माहीत असतं तर दोन मिनिटांचं काम होतं.

लोखंडी किल्ली काढा. ड्रायव्हरच्या दाराला भोक दिसत नसेल तर हँडलच्या टोकाला एक छोटं झाकण असतं, त्याच्या खालच्या खाचेत हीच किल्ली घालून ते उचकटायचं. दार उघडलं की अलार्म वाजू शकतो, वाजू दे. आत बसा, ब्रेक दाबा, आणि किल्ली स्टार्टच्या बटणाला अगदी चिकटवून बटण दाबा. काही गाड्यांत ही जागा कप होल्डरमध्ये किंवा मधल्या खणात असते. सेल पूर्ण मेलेला असला तरी चालतं, कारण किल्लीतली चिप तेवढ्यापुरती वीज गाडीकडूनच घेते. ॲपवर विसंबून राहू नका. जे ॲप इंटरनेटवरनं गाडी उघडतं ते कासला, बामणोलीला, जिथं रेंज जाते तिथं काही कामाचं नाही.

टप्पा २: बारा व्होल्टची बॅटरी

बऱ्याच जणांना ही आहे हेच माहीत नसतं. मोठ्या बॅटरीतला करंट गाडीला मिळण्यासाठी आत मोठे स्विच बसतात आणि ते स्विच ओढायला, दारं उघडायला, स्क्रीन लावायला ही छोटी बॅटरी लागते. ही गेली की मोठी शंभर टक्के भरलेली असली तरी गाडी म्हणजे नुसता डबा. आणि चार्जरला लावून काही होईल म्हणाल तर बहुतेक गाड्या चार्जिंगही घेत नाहीत, कारण तेच स्विच बसत नाहीत.

गाडी रात्रभर बंद ठेवायला सांगितली ती यासाठी. सकाळी दुसरं काही न करता बॉनेट उघडा आणि मल्टिमीटर लावा. १२.६ किंवा वर असेल तर उत्तम. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, ठीक. १२.२ म्हणजे अर्धी, लक्ष ठेवायचं. १२ च्या खाली असेल आणि बॅटरी तीन वर्षांच्या पुढची असेल तर बदलायची तयारी करा. नंतर गाडी चालू करून, म्हणजे स्क्रीनवर रेडी आल्यावर, परत मोजा, आकडा १३.५ ते १४.५ च्या दरम्यान गेला पाहिजे. गेला नाही तर दोष बॅटरीत नसून ती चार्ज करणाऱ्या भागात असू शकतो, तिथं सर्व्हिस सेंटरच. हे आकडे नेहमीच्या लेड-ॲसिड बॅटरीचे आहेत, काही नव्या गाड्यांत छोटी बॅटरीही लिथियमची असते, तिला हे लागू नाहीत.

ही उतरते कशानं? गाडी रेडी न करता नुसती ॲक्सेसरीवर ठेवून तासभर गाणी ऐकत बसणं. डॅशकॅमची वायर कायम चालू लाईनवर जोडणं. ॲप दर थोड्या वेळानं उघडून चार्ज किती झाला बघणं, प्रत्येक वेळी गाडी झोपेतनं उठते. आणि महिनाभर पुण्याला-मुंबईला जाणं आणि गाडी साताऱ्यात उभी. काही गाड्या मोठ्या बॅटरीतनं छोटीला आपोआप भरतात, सगळ्या नाही. घरी कुणी असेल तर आठवड्यातनं एकदा अर्धा तास गाडी रेडी करून ठेवायला सांगा.

बदलायचा खर्च साधारण ४ ते ७ हजार, जुनी परत दिली तर काही कमी होतात. तीन ते पाच वर्षं जाते. वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय दुकानातनं निघू नका, आणि आधी विचारा की बदलल्यावर तुमच्या गाडीला स्कॅनर लावून रीसेट लागतं का.

उतरलेली असली तर जंप स्टार्ट चालतो, दुसऱ्या गाडीनं किंवा छोट्या पॉवरपॅकनं. लाल केबल प्लसला, काळी मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या बॉडीच्या अर्थला. नारंगी रंगाच्या कुठल्याही वायरला हात लावायचा नाही, ते हाय व्होल्टेज आहे. आणि आपल्या गाडीवरनं दुसऱ्याची पेट्रोल-डिझेल गाडी जंप करून देऊ नका, बहुतेक मॅन्युअलमध्ये त्याला मनाई आहे, शेजारी कितीही जवळचा असला तरी. एक अजून, जंप केबल डिकीत ठेवू नका. बॅटरी मेली की विजेवर उघडणारी डिकी उघडत नाही आणि केबल आत.

टप्पा ३: टायर, खरा खर्च इथं आहे

इलेक्ट्रिक गाडी जड असते आणि पायाखाली ताकद एकदम येते, त्यामुळं ज्या चाकांना मोटर आहे ती लवकर झिजतात. पुढची मोटर असेल तर पुढचे टायर.

हवा महिन्यातनं दोनदा, टायर गार असताना. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतो, टायरवर लिहिलेला आकडा नाही, तो जास्तीत जास्त किती चालेल तो असतो. कराडवरनं हायवेनं येऊन साताऱ्यात पंपावर हवा बघितली तर टायर तापल्यामुळं दोनचार पॉईंट जास्त दाखवतो, तो पोरगा तेवढी हवा काढतो, आणि सकाळी टायर कमी. स्वतःचं गेज ठेवा, घरी बघा.

दर ८ ते १० हजार किलोमीटरला चाकांची अदलाबदल, बरोबर अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग, साधारण ८०० ते १२०० रुपये. टायर बदलताना लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा नंबर) आधीच्यापेक्षा कमी घेऊ नका, दुकानदार स्वस्तात दुसरा देतो पण गाडीचं वजन त्याला माहीत नसतं. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, समजा २३२५, म्हणजे २०२५ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला. जुना माल ओळखायला तेवढं पुरे. खाचा १.६ मिलिमीटरवर आल्या की टायर संपला, पण यवतेश्वरचा घाट पावसाळ्यात चढायचा असेल तर मी ३ च्या आसपासच बदलतो.

सावध: पंक्चरवाल्यानं जॅक लावायच्या आधी तुम्ही खाली वाका. मी नागठाण्याजवळ एका दुकानात गेलो होतो, पोरगं चटपटीत होतं, ट्रॉली जॅक सरळ गाडीच्या पोटाखाली सरकवला, आणि पोटाखाली आख्खी बॅटरीच आहे. मी ओरडलोच. जॅक फक्त कडेच्या खुणा केलेल्या जागेवर लावायचा. बॅटरीच्या ट्रेला पोचा आला तर वॉरंटीवाले पहिला प्रश्न तोच विचारतात. सगळ्यात सोपं म्हणजे त्या जागेचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा आणि दाखवा.

टप्पा ४: घरी करण्यासारखं

केबिन फिल्टर सहसा ग्लोव्हबॉक्सच्या मागं असतो, दहा मिनिटांत निघतो. जुना झटकून बघा, आपल्याकडं ऊसतोडीच्या हंगामात काय काय आत जातं ते दिसेल. वर्षातनं एकदा नवीन, ४०० ते ९०० रुपये. फ्रेमवर हवेच्या दिशेचा बाण असतो, तो जुन्यावर होता तसाच ठेवायचा.

वायपरचं रबर मे महिन्याच्या शेवटी बदला, जूनमध्ये नाही.

धुताना प्रेशरचा पाईप चार्जिंगच्या तोंडावर, बॉनेटच्या आत आणि खालच्या नारंगी वायरींवर मारायचा नाही. वॉशिंग सेंटरवाल्याला आधीच सांगा. चार्जिंगला लावायच्या आधी तोंडात पाणी, माती, मुंग्या नाहीत ना हे बघायची सवय ठेवा.

घरचा चार्जिंगचा प्लग हा पण मेंटेनन्सचाच भाग आहे, तो कुणी धरत नाही. चार्जिंग सुरू करून अर्ध्या तासानं प्लगला उलटा हात लावा. कोमट चालेल. चटका बसत असेल, प्लास्टिक पिवळं-तपकिरी पडलं असेल, तर बंद करा आणि इलेक्ट्रिशियन बोलवा, एक्स्टेन्शन बोर्डवर तर चार्ज करूच नका. एप्रिल-मेमध्ये चार्जर अर्थिंगचा फॉल्ट दाखवायला लागला तर लगेच चार्जर खराब झाला म्हणू नका, अर्थिंगचा खड्डा वाळलेला असतो. जुन्या पद्धतीचा खड्डा असेल तर त्यात दोन बादल्या पाणी घाला आणि दुसऱ्या दिवशी परत बघा. तरी गेला नाही तर इलेक्ट्रिशियनकडनं अर्थिंग मोजून घ्या.

टप्पा ५: ब्रेक आणि कूलंट

ही गाडी पाय उचलला की मोटरनंच हळू होते, त्यामुळं ब्रेक पॅड पेट्रोल गाडीपेक्षा खूप जास्त टिकतात. पण न वापरल्यानं डिस्क गंजतात, खास करून पावसाळ्यात. आठवड्यातनं एकदा मोकळ्या रस्त्यावर, मागं कुणी नाही बघून, मोटरनं हळू होण्याची सेटिंग कमी करून तीनचार वेळा चांगला ब्रेक दाबा. गंज घासून निघतो. वर्षातनं एकदा सर्व्हिसला कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) पिना साफ करायला सांगा, हे सांगितल्याशिवाय कुणी करत नाही.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, गाडी चालो न चालो. साधारण दोन वर्षांनी बदलायचं, हजार-बाराशे रुपये. "पॅड नवे आहेत, ऑइल कशाला" हे चुकीचं आहे.

घाटवाल्यांसाठी एक. हळू होताना मोटर वीज बनवते आणि ती बॅटरीत भरते. महाबळेश्वरला हॉटेलवर रात्रभर लावून शंभर टक्के करून सकाळी पसरणी घाट उतरायला निघालात तर बॅटरीत जागाच नसते, मग मोटरनं हळू होणं जवळपास बंद पडतं आणि सगळा भार ब्रेकवर येतो. वरनं निघताना ८५-९० टक्क्यांवर थांबवा.

कूलंटची (आतले भाग गार ठेवणाऱ्या द्रवाची) पातळी गाडी गार असताना टाकीवरच्या दोन खुणांमध्ये आहे का एवढंच बघायचं. कमी असेल तर नळाचं पाणी किंवा दुकानात मिळेल ते हिरवं-गुलाबी घालू नका. एकदा कमी झालं म्हणजे कुठंतरी गळतंय, ते त्यांना शोधू दे.

टप्पा ६: सर्व्हिसला लावताना

आधी फोनवर एस्टिमेट मागा, व्हॉट्सॲपवर लेखी. मग मॅन्युअलचं पान आणि एस्टिमेट शेजारी ठेवून एकेक ओळ जुळवा. जे वेळापत्रकात आहे ते करायचंच. सर्व्हिस चुकवू नका, मोठ्या बॅटरीची वॉरंटी आपल्याकडं बऱ्याच गाड्यांना ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर असते आणि तिच्या अटी पुस्तिकेत लिहिलेल्या असतात, शिक्के नसतील तर ऐनवेळी वाद होतो.

जे वेळापत्रकात नाही ते का, हे विचारायचं. माझ्या एका मित्राच्या बिलात सायलेन्सर कोटिंग होतं. इलेक्ट्रिक गाडीला सायलेन्सर! छापील पॅकेज जसंच्या तसं लावलेलं, आणि त्यानं पैसे भरलेले. इंजिन फ्लश, थ्रॉटल क्लिनिंग, इंजेक्टर क्लिनिंग, असलं काही दिसलं तर शांतपणे बोट ठेवायचं, काढतात. एसीची साफसफाई दरवर्षी गरजेची नसते, वास येत असेल तर करा. खालून गंजरोधक कोटिंग सांगितलं तर बॅटरीच्या भागावर ते चालतं का हे लेखी विचारा.

लेबरवर १८ टक्के जीएसटी लागतो, तो एस्टिमेटमध्ये धरलाय का बघा, नाहीतर तीन हजार ऐकून जाता आणि साडेतीन भरून येता.

गाडी देताना हे सांगा: सॉफ्टवेअर अपडेट असेल तर करा आणि काय बदललं ते लिहून द्या, बॅटरीच्या हेल्थचा रिपोर्ट द्या, काढलेले जुने पार्ट डिकीत ठेवा. अपडेटला वेळ लागतो, गाडी निम्म्याच्या वर चार्ज करून द्या.

घेताना गेटबाहेर जाऊन मग बघू नका. तिथंच नवा फिल्टर उघडून बघा, हवा मोजा, स्क्रीनवर कुठला दिवा लागलाय का बघा, दोन्ही किल्ल्या परत आल्या का बघा.

टप्पा ७: वर्षाचा हिशोब

वर्षाला १२ हजार किलोमीटर धरून मी असा मांडतो. फिल्टर ६००, अलाइनमेंट वगैरे १२००, सर्व्हिसचं लेबर आणि किरकोळ २५००, वायपर ७००, ब्रेक ऑइल दोन वर्षांनी १२०० म्हणजे वर्षाचे ६००, छोटी बॅटरी ५६०० ची चार वर्षं गेली तर वर्षाचे १४००, किल्लीचे दोन सेल दोन वर्षांनी १२० म्हणजे वर्षाचे ६०. झाले ७,०६०. यात टायर नाहीत. चार टायर ३२ हजारांचे आणि ते ४० हजार किलोमीटर गेले तर किलोमीटरला ८० पैसे, म्हणजे वर्षाचे ९,६००. एकूण १६,६६०.

महिन्याला १४०० रुपये बाजूला टाकायचे, सर्व्हिस नसलेल्या महिन्यातसुद्धा. "इव्हीला खर्चच नाही" म्हणणारा माणूस तिसऱ्या-चौथ्या वर्षी टायर आणि बॅटरी एकदम आल्यावर चिडतो, कारण त्यानं तो खर्च कधी धरलेलाच नसतो. तुमचे आकडे वेगळे असतील, टायरची साईज बघून तेवढी एक ओळ बदला, निम्म्याच्या वर खर्च त्याच ओळीत आहे.

दाजींनी आता वहीच्या पहिल्या पानावर सेलचा नंबर आणि बदलल्याची तारीख लिहिलीय, आणि एक सीलबंद सेल ताईच्या पर्समध्ये असतो. गाडीत ठेवत नाहीत, कारण गाडी उघडत नसेल तेव्हाच तो लागणार आहे.